परदेशातल्या साथीसाठी तुकडी निघतेय: हाताला काय काय येत असायला हवं?

सर्जिकल_सिस्टर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी लष्करी नर्सिंग सेवेत अधिकारी आहे. आजवरचं माझं बहुतेक काम सर्जिकल वॉर्ड आणि थिएटरमधलं. आमच्या फील्ड हॉस्पिटलला आफ्रिकेतल्या एका शांतिसेना मोहिमेसाठी तयार राहायला सांगितलंय. देशाचं नाव आणि तारखा इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. एवढंच सांगते की तिथे कॉलरा कायमचा मुक्कामाला आहे, गोवराच्या साथी येतात आणि इबोलाही त्या पट्ट्यात येऊन गेलाय.

व्याख्यानं भरपूर झाली. विषाणूची रचना, साथीचा इतिहास, नकाशे, सगळं झालं. पीपीई घालणं-काढणंही दाखवलं. पण माझी काळजी वेगळी आहे. आमचे पेशंट बहुतेक करून तरुण, धडधाकट जवान. गोळी, स्प्लिंटर, फ्रॅक्चर, भाजणं. रक्त थांबवायला, छातीत नळी टाकायच्या तयारीला आमच्या पथकाला सेकंदही लागत नाही. तिथे मात्र समोर दोन वर्षांचं सुकलेलं मूल असेल, सात महिन्यांची गरोदर बाई असेल, ओकाऱ्या-जुलाबांनी डोळे खोल गेलेला म्हातारा असेल. पथकातल्या अनेकांनी लहान मुलाला सुई लावून बरीच वर्षं झालीत.

निघायला काही आठवडे हातात आहेत. पुस्तकात काय आहे ते मी वाचेन. बिछान्याजवळ हाताने करायच्या कोणत्या गोष्टींचा सराव करून घ्यावा, आणि आमच्या नर्सिंग असिस्टंट मुलांना काय शिकवावं, हे प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगावं ही विनंती.

---

निवृत्त_फिजिशियन

सिस्टर, तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी मेडिकल स्पेशालिस्ट म्हणून लष्करातून निवृत्त झालो. मधला काही काळ काँगोत गोमाच्या शांतिसेना हॉस्पिटलात होतो. गोमाचं नाव साथीच्या इतिहासात ज्या कारणाने आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

जुलै १९९४. रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो निर्वासित काही दिवसांत सीमा ओलांडून गोमाला आले. खाली ज्वालामुखीचा कठीण खडक, संडास खणता येईनात, प्यायला किवू सरोवराचं पाणी. पहिल्याच महिन्यात जवळजवळ ५०,००० माणसं गेली. आधी कॉलरा, मागोमाग शिगेलाची रक्ती हगवण. मदतीला अनेक देशांची पथकं आली होती, त्यांत सैन्याचीही होती. मग ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचं पथक तिथे गेलं. उपचार केंद्रं उघडूनही माणसं का मरताहेत याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांना आढळलेली कारणं अशी: शरीरात पाणी भरायचा वेग फार कमी, ओआरएसचा (तोंडाने पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा) वापर अपुरा, शिरेतून चुकीची द्रवं दिली गेली, आणि कर्मचाऱ्यांना कॉलरा हाताळायचा अनुभव नव्हता.

यातलं एकही कारण जंतुशास्त्राचं नाही. सगळी कारणं बिछान्याजवळची आहेत. मी तरुण डॉक्टरांना हे पुनःपुन्हा सांगत आलोय, कारण ती माणसं वाचू शकली असती.

आता कॉलराचं बोलू. तीव्र निर्जलीकरण झालेल्या प्रौढाला आरएल (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) द्यायचं ते किलोमागे १०० मिली, तेही तीन तासांत. त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं ७० पुढच्या अडीच तासांत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला पहिल्या तीस मिनिटांत दीड लिटर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला प्रमाण तेच, पण ३० मिली एका तासात आणि ७० मिली पाच तासांत. आकडे तुम्ही पाठ कराल. अडचण बोटांची आहे. सर्जिकल वॉर्डात आपली बोटं सलाईनचा वेग कमी करणारा रोलर क्लॅम्प आवळायला शिकलेली असतात, आणि धारेने वाहणारं सलाईन दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. कॉलराच्या पहिल्या अर्ध्या तासात तो हात आवरायचा. १६ किंवा १८ नंबरचा जाड कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी), गरज पडली तर दोन्ही हातांना, बाटली उंच टांगलेली आणि बाटलीवर मार्करने लावल्याची वेळ. मनगटाची नाडी ठणठणीत लागेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तपासायचं. पेशंट घोट घेण्याइतका शुद्धीवर आला की सलाईन चालू असतानाच ओआरएस सुरू. ‘आधी सलाईन संपू दे, मग पाजू’ ही सवय घातक आहे.

डेक्स्ट्रोजच्या (नुसत्या साखरेच्या पाण्याच्या) बाटलीला कॉलराच्या तंबूत भरपाईचं द्रव म्हणून जागा नाही. नॉर्मल सलाईन नाइलाज असेल तेव्हा चालतं, पण त्यात पोटॅशियमही नाही आणि आम्ल उतरवणारं काही नाही, म्हणून ओआरएस आणखी लवकर लागतं. आणि पहिल्या भरपाईनंतर काम संपत नाही. भोक असलेली खाट आणि खाली मापाच्या खुणांची बादली ही कॉलरा वॉर्डातली सगळ्यात मोलाची उपकरणं आहेत. जितकं बादलीत गेलं तितकं पोटात किंवा शिरेत परत गेलं पाहिजे. हा हिशेब ठेवणं तुमच्या नर्सिंग असिस्टंटना शिकवा. मी तर म्हणेन, आधी हेच शिकवा.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांना पाजायला लावलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आधी ते तीसच्या आसपास होतं. लष्करी पथकांना माणसं कायम कमी पडतात. पेशंटसोबत आलेली आई, भाऊ, शेजारी ही तुमची माणसं आहेत. दुभाष्याच्या मदतीने पाच मिनिटांत ओआरएस पाजायला शिकवता येणं, हे मी क्लिनिकल कौशल्यच मानतो.

इबोलासारख्या तापाची गोष्ट वेगळी, आणि इथे ट्रॉमावाल्यांना, म्हणजे जखमी सांभाळणाऱ्यांना, एक सवय मोडावी लागते. आपल्याला धावायला शिकवलेलं असतं. कुणी कोसळलं की आपण आधी पोचतो, मग विचार करतो. इबोलाच्या वॉर्डात कुणीही धावत नाही. पेशंट खाटेवरून पडलेला पलीकडून दिसला तरी आधी पूर्ण किट, जोडीदार, तपासणी आणि मगच आत. हे सांगायला सोपं आहे. नुसतं सांगून जमत नाही, त्याचा सराव लागतो. ब्रिटिश सैन्याने २०१४ मध्ये सिएरा लिओनला पथकं पाठवण्याआधी यॉर्कजवळ स्ट्रेन्सॉलला केरी टाउनच्या उपचार केंद्राची प्रतिकृती उभी केली आणि तिथे सराव करून घेतला. एवढं करूनही मार्च २०१५ मध्ये त्यांच्या एका लष्करी आरोग्य कर्मचाऱ्याला लागण झालीच. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत २८,६०० हून जास्त रुग्ण आणि ११,३०० हून जास्त मृत्यू झाले, आणि त्यांत तिथले डॉक्टर-नर्स शेकड्यांनी होते.

म्हणून पीपीई ‘दाखवलं’ यावर थांबू नका. ते अंगावर चढवून काम करा. उकाड्यात साधारण तासाभराची मर्यादा ठरवतात, कारण त्यानंतर घाम बुटात साचतो, गॉगल धुरकटतो आणि डोकं मंद होतं. त्या तासात दोन ग्लव्ह्ज घालून शीर शोधा, धुरकट गॉगलमधून ड्रिप मोजा, डमीला कुशीवर वळवा, बेडपॅन बदला, औषध मोजून भरा. हूडमुळे कान झाकलेले असतात, स्टेथोस्कोप बाहेरच राहतो. मग पेशंट तपासायचा तो डोळ्यांनी आणि बोटांनी: श्वास मोजणं, नखावर दाब देऊन रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहणं, जीभ, लघवी, हाक मारल्यावर मिळणारा प्रतिसाद. तुमच्यासारख्या अनुभवी नर्सला हे येतंच. सरावात फक्त कानांवाचून करून पाहा.

आत जाण्याआधी बाहेर उभं राहून ठरवायचं: कोणत्या खाटेला काय करायचं, कोण करणार, कोण हात धरणार, काय नसेल तर परत फिरायचं. आतला कागद बाहेर येत नाही. नोंदी कुंपणापलीकडून मोठ्याने सांगायच्या आणि बाहेरच्याने लिहून परत वाचून दाखवायच्या. औषधाचा डोस ऐकून तसाच परत म्हणण्याची सवय रेडिओवर काम केलेल्या सैनिकाला असतेच, ती इथे फार उपयोगी पडते.

सुईबद्दल ठाम राहा. सुई उघडण्याआधी वापरलेल्या सुया टाकायचा शार्प्सचा डबा हाताशी, टोपण परत लावणं कधीच नाही. पेशंट भ्रमात असेल, हातपाय झाडत असेल आणि जोडीदार नसेल, तर त्या फेरीत सुई लावायची नाही. किट काढण्याची जागा ते घालण्याच्या जागेपेक्षा धोक्याची. बाहेर उभा असलेला माणूस एकेक पायरी वाचतो, आपण तेवढंच करतो, पुढची पायरी मनाने घेत नाही. दमलेला माणूस इथेच घाई करतो.

उपचारांबद्दल एक गैरसमज अजून ऐकतो की ‘इबोलाला काही करता येत नाही’. हे खरं नाही. काँगोत २०१८-१९ मध्ये झालेल्या चाचणीत दोन अँटिबॉडी औषधांवरच्या रुग्णांचं २८ दिवसांचं मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं, तुलनेच्या औषधावर ते पन्नासच्या जवळ होतं. पण ही औषधं झैर प्रकारच्या इबोलावर. युगांडात २०२२ मध्ये सुदान प्रकार आला तेव्हा त्याच्यासाठी मान्यता मिळालेली ना लस होती ना औषध. तिथे उरतं ते तुमचंच काम: हरवलेलं पाणी आणि पोटॅशियम भरून काढणं, साखर तपासणं, मलेरियाचा उपचार सोबत देणं, तापाला पॅरासिटामॉल देणं आणि आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं टाळणं. २०२४ मध्ये रवांडात मारबर्ग आला, तो इबोलाच्याच कुळातला विषाणू. ६६ रुग्ण, बहुतेक आरोग्य कर्मचारीच, आणि मृत्यू १५. मारबर्गच्या आधीच्या काही साथींत दहातले आठ दगावले होते. तिथे रेमडेसिव्हिर आणि प्रायोगिक अँटिबॉडीही दिल्या, पण लवकर ओळख आणि कसून केलेली आयसीयू शुश्रूषा याचा वाटा मोठा होता. व्हेंटिलेटरवर गेलेले रुग्ण नळी काढून पुन्हा उभे राहिले. तुमच्या आयसीयूच्या हाताची किंमत एवढी आहे.

---

लॅब_हवालदार

जय हिंद मॅडम. सरांनी बिछान्याजवळचं सांगितलं, मी रक्ताच्या नमुन्याच्या नळीपासून पुढचं सांगतो. लष्करी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, परदेशी मोहीम करून आलोय.

पहिली गोष्ट पोटॅशियमची. दंडाला घट्ट टुर्निकेट (पट्टा) बांधून, पेशंटला मूठ आवळायला लावून, बारीक सुईतून ओढून घेतलेलं रक्त फुटतं, म्हणजे त्यातल्या पेशी फुटतात. मग मशीन पोटॅशियम जास्त दाखवतं. प्रत्यक्षात जुलाबाच्या पेशंटचं ते कमी असतं, आणि रिपोर्ट पाहून कुणीतरी पोटॅशियम बंद करतं. गाडीतून हादरत आलेल्या नळीचंही तेच. आकडा पेशंटशी जुळत नसेल तर लॅबला विचारा, नमुना फुटलेला होता का. आम्ही खरं सांगतो.

दुसरी, इबोलाच्या पीसीआरची वेळ. लक्षणं सुरू होऊन ७२ तास व्हायच्या आत नमुना घेतला आणि निगेटिव्ह आला, तर तो पेशंट मोकळा झाला असं धरायचं नाही. ७२ तास उलटल्यावर पुन्हा नमुना. वॉर्डात हे माहीत नसेल तर निगेटिव्हचा कागद पाहून त्याला साध्या वॉर्डात हलवतात. जीनएक्सपर्ट या पीसीआर मशीनच्या बंद काडतुसात साधारण दीड तासात उत्तर येतं, पण ते झैर प्रकारच शोधतं. सुदान प्रकारची साथ असेल आणि मशीन निगेटिव्ह म्हणालं, तर त्याला अर्थ नाही. कोणती चाचणी काय पकडते हे वॉर्डातल्या नर्सलाही माहीत हवं.

तिसरी, सोबत आलेला आजार. मलेरियाची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून इबोला नाही असं होत नाही. त्या भागात दोन्ही एकाच माणसात सापडतात.

नमुना बाहेर काढताना नळी जंतुनाशकाने पुसून, मग पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा, असे तीन थर. ०.५ टक्के क्लोरीन सांडलेल्या घाणीला आणि पृष्ठभागाला, ०.०५ टक्के हाताला. ही दोन पिंपं एकाच रंगाची ठेवू नका. क्लोरीनचं पाणी रोज ताजं बनवायचं, त्याची पावडर किंवा गोळ्या किती टक्क्यांच्या आहेत ते पाहून हिशेब करायचा. तुमच्या मुलांकडून हा गुणाकार रोज करून घ्या. पाठ केलेलं माप दुसऱ्या कंपनीचा डबा आला की चुकतं.

---

बालरोग_परिचारिका

मी लष्करात नाही, मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करते. पण ‘अनेकांनी लहान मुलाला सुई लावून बरीच वर्षं झालीत’ हे वाचून राहवलं नाही. ताई, जमलं तर उरलेल्या दिवसांत तुमच्या पथकातल्या निम्म्या लोकांना मुलांच्या वॉर्डात आणि प्रसूती कक्षात पाठवा. साथ बाहेर कुठलीही असो, तंबूत येणाऱ्यांत मुलं खूप असतात. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर २०१९ मध्ये गोवराने ८३ जण गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती.

हात बसवायच्या गोष्टींत पहिली म्हणजे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मुलांमध्ये फसवतं. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० आणि त्याच्या वर म्हणजे जलद. दुसरी, शीर सापडेना म्हणून किती वेळ घालवायचा याची मर्यादा. खोल शॉकमधल्या मुलाला दोन-तीन प्रयत्नांत शीर नाही मिळाली तर नडगीच्या हाडात सुई. ही सुई तुमच्याकडे ट्रॉमासाठी असेलच, पण मोठ्यांच्या हाडात मारायची सवय आणि सहा किलोच्या बाळाच्या हाडात मारणं यात फरक आहे. मॉडेलवर करून घ्या. नाकातून पोटात नळी टाकून ओआरएस देणंही यावं, त्याने पुष्कळ मुलं सुईशिवाय निभावतात.

कुपोषित मूल वेगळं ओळखा. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर त्याचं हृदय झपाट्याने भरलेलं पाणी पेलत नाही. सरांनी दिलेले कॉलराचे आकडे तिथे डोळे मिटून लावायचे नाहीत, शॉक असेल तेव्हाच आणि सतत श्वास-नाडी पाहत शिरेतून पाणी. अशा मुलांसाठी कमी मिठाचं रिसोमल असतं, पण कॉलराचा संशय असेल तर रिसोमल नको, साधं ओआरएसच द्यायचं. हा बारकावा घाईत नेमका उलटा होतो.

गोवराच्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्व, लागोपाठ दोन दिवस: सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, वर्षापर्यंत १ लाख, पुढे २ लाख. आणि घटसर्प पाहून ठेवा, निदान फोटोत तरी. २०१७ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत तो पसरला. घशातला करडा पडदा ओरबाडून काढायचा नाही, रक्त येतं. पेशंट वेगळा ठेवायचा, श्वासनलिकेवर लक्ष, आणि अँटिटॉक्सिन लवकर. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे देण्याआधी संवेदनशीलतेची चाचणी आणि अ‍ॅड्रिनालिन भरून तयार.

गरोदर बाईबद्दल एकच, पण महत्त्वाचं. इबोलातून बरी झालेली, रक्त निगेटिव्ह आलेली बाईसुद्धा पोटात बाळ असेल तर प्रसूतीच्या वेळी पूर्ण संरक्षणातच हाताळायची. गर्भजलात आणि वारेत विषाणू राहिलेला असू शकतो.

पांढऱ्या सूटमधला चेहरा नसलेला माणूस पाहून मुलं हादरतात. छातीवर स्वतःचा हसरा फोटो चिकटवा आणि मोठ्या अक्षरात नाव लिहा. मूल शांत झालं की सुईही सुरक्षित लागते.

---

सर्जिकल_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून पथकात वाटणार आहे. बालरोग विभागात पाठवण्याची परवानगी आजच मागितली.

सरांना आणखी दोन प्रश्न. आमच्यापैकीच कुणाला ताप आला तर? आणि गणवेशाचं काय? लोक घाबरतील असं आमच्या एका वरिष्ठांनी सांगितलं.

---

निवृत्त_फिजिशियन

दुसऱ्यापासून सुरू करतो. वरिष्ठ बरोबर सांगताहेत. इबोलाच्या साथीत, ऑगस्ट २०१४ मध्ये, लायबेरियाच्या राजधानीत मन्रोव्हियात वेस्ट पॉइंट ही अख्खी वस्ती सैन्य-पोलीस लावून बंद केली. जमावावर गोळ्या चालल्या, पंधरा वर्षांचा एक मुलगा गेला, आणि काही दिवसांतच नाकाबंदी उठवावी लागली. ज्या वस्तीने बंदूक पाहिली तिथे ताप लपवला जातो. म्हणून उपचाराच्या जागी शस्त्र दिसू नये यासाठी कमांडिंग ऑफिसरशी आधीच बोला. पहारा लागतो, तो बाहेरच्या फाटकावर राहू दे. पेशंटशी पहिला संवाद स्थानिक नर्सने करावा. मृताचं तोंड नातेवाइकांना दुरून का होईना पाहू द्या. कुंपण जाळीचं असेल तर आई बाहेर बसून आतल्या मुलाशी बोलू शकते. यातलं काही जमलं नाही तर पेशंट पळून जातात, आणि पळालेला पेशंट साथ पुढे नेतो.

आपण साथ घेऊन जाऊ शकतो हेही विसरू नका. हैतीत निदान शंभर वर्षं कॉलराची नोंद नव्हती. २०१० मध्ये तो आला तो शांतिसैनिकांच्या छावणीतल्या मैल्यातून, मिर्बाले गावाजवळच्या ओढ्यातून आर्टिबोनाइट नदीत. ८ लाखांहून जास्त रुग्ण आणि सुमारे १०,००० मृत्यू. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी डिसेंबर २०१६ मध्ये हैतीच्या लोकांची माफी मागितली. तुमच्या छावणीचा सेप्टिक टँक कुठे रिकामा होतो हे पाहणं मी मेडिकल ऑफिसरचं काम मानतो. ठेकेदारावर सोडून देऊ नका. निघण्याआधी तुकडीत कुणाला जुलाब आहेत का हेही मोकळेपणाने विचारा. जवान सांगत नाहीत, कारण त्यांना मोहीम चुकण्याची भीती असते. ती भीती काढणं तुमच्या हातात आहे.

आता ताप. तुमच्या पथकातल्या माणसाला तिथे ताप आला तर तो बहुतेक वेळा मलेरिया किंवा साधा पोटाचा आजार असतो. पण सिद्ध होईपर्यंत त्याला वेगळं ठेवावंच लागतं, आणि तेवढा वेळ एक माणूस कमी. म्हणून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या रोज रांगेत, डोळ्यांसमोर. मच्छरदाणी, लांब बाह्या यांवर तडजोड नाही. पथकातल्या माणसाला वेगळं ठेवायची खोली आधीच ठरवा, त्याची शुश्रूषा कोण करेल तेही. नावं आधी ठरलेली असली की त्या दिवशी वाद होत नाहीत. इबोलाचा संपर्क असेल तर शेवटच्या संपर्कानंतर २१ दिवस, दिवसातून दोनदा तापमान. झैर प्रकारची लस उपलब्ध आहे, ती निघण्याच्या पुरेशी आधी घ्या. पीतज्वर, गोवर, हिपॅटायटिस बी, टायफॉइड, पोलिओ यांचे कागदही तपासा.

तुम्ही विचारलं नाहीत ते एक. काही पेशंट जातील. ट्रॉमात मृत्यू झटकन येतो, इथे तो तासन्‌तास समोर असतो आणि तुमची आत राहायची वेळ संपलेली असते. दुखणं आणि गुदमरणं कमी करायला मॉर्फिन कुणाला, किती, कोण देणार हे आधी लिहून ठेवा. जाणाऱ्या माणसाला स्वच्छ करून, पाणी पाजून, त्याच्या नावाने हाक मारून बाहेर या. फेरी संपताना पुढच्या पाळीला सांगा की या खाटेजवळ आधी जा. नर्सिंग असिस्टंट मुलं वयाने लहान असतात, त्यांच्यासाठी हे फार जड जातं. पाळी संपल्यावर पंधरा मिनिटं बसून बोलण्याची वेळ ड्यूटी चार्टमध्येच लिहा, नाहीतर ती होत नाही.

सरावाची विभागणी मी अशी केली असती: सकाळी मुलांचा वॉर्ड, दुपारी पूर्ण किटमध्ये एक तास काम, आणि तोही दुपारच्या उन्हात. आठवड्यातून एकदा न सांगता एखाद्याला किटमध्ये ‘चक्कर’ आणायची आणि बाकीच्यांनी त्याला नियम न मोडता बाहेर काढायचं. हा सराव बहुतेक ठिकाणी राहून जातो.

---

लॅब_हवालदार

मॅडम, एक राहिलं. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स आणि मलेरियाची किट्स कंटेनरमध्ये उन्हात ठेवली तर रिडिंग चुकतं. डब्यावर लिहिलेलं कमाल तापमान वाचा आणि वातानुकूलित जागा औषधांआधी यांना मागून घ्या. पोचल्यावर ग्लुकोमीटर कंट्रोल सोल्यूशनने (साखर किती ते आधीच माहीत असलेल्या द्रवाने) तपासल्याशिवाय पहिल्या पेशंटला वापरू नका, आणि ते सोल्यूशन इथूनच सोबत न्या.